‘तिचं सगळं राहूनच गेलं हो, मॅडम’

तरुण मूल गेलेल्या घरातली माणसं समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात, तेव्हा एक वाक्य ठरलेलं असतं. शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, एवढंच. ‘आता कुठे सुरुवात झाली होती.’ ‘अजून दोन वर्षं मिळाली असती तर…’ ‘तिचं सगळं राहूनच गेलं हो, मॅडम.’ मूल गुणी असेल, एखाद्या क्षेत्रात नाव काढू लागलेलं असेल, तर या वाक्याला जास्तच धार येते. आणि ते एकटे आईवडीलच बोलतात असंही नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण बोलतो, शोकसभेत बोललं जातं, बातमीत छापून येतं. उमलण्याआधीच खुडलेली कळी वगैरे. या कळीचा मला मनापासून राग आहे. १७ वर्षांचं माणूस म्हणजे १७ वर्षं जगलेलं माणूस. ते कशाची पूर्वतयारी म्हणून जगलेलं नसतं.

म्हणून या वेळी एका कुटुंबाबद्दल लिहितेय. त्यांची परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि बऱ्याच भेटींमधलं बोलणं इथे थोडक्यात आणलं आहे. नावं देत नाही. मुलीला आपण ‘ताई’ म्हणू, कारण तिचा धाकटा भाऊ तिला तेच म्हणायचा आणि या गोष्टीत सर्वांत महत्त्वाचं तोच बोलला.

ताई बटरफ्लाय पोहायची. १०० मीटर आणि २०० मीटर. सतराव्या वर्षी राष्ट्रीय शिबिरासाठी तिची निवड झाली होती. शिबिर तोंडावर आलेलं असताना एका सकाळी सरावाचा एक सेट संपवून तिने भिंतीला हात लावला आणि तिथेच ती पाण्याखाली गेली. सरांनी लगेच उडी मारून तिला बाहेर काढलं, छातीवर दाब द्यायला सुरुवात केली, रुग्णवाहिका आली. ती वाचली नाही. शवविच्छेदनात हृदयाच्या रचनेत कुठलाही दोष सापडला नाही.

माझ्याकडे आधी वडील आले. आले ते वही घेऊनच. जाड पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली. ताई नऊ वर्षांची असल्यापासूनचं प्रत्येक टायमिंग त्यात होतं, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत. झोप किती, सकाळची नाडी किती, वजन किती, आणि शेवटी शेऱ्याचा एक रकाना. पण त्यांनी मला यातलं काहीच दाखवलं नाही. त्यांनी वही थेट शेवटून उघडली. तिथे पेन्सिलीने पुढच्या सात वर्षांची टार्गेटं लिहिलेली होती. कुठल्या स्पर्धेत कुठलं टायमिंग, कधी पात्रता, कधी फायनल.

‘हिच्यापेक्षा पावणेदोन सेकंदांनी मागे असलेली मुलगी आता संघात आहे,’ ते म्हणाले. ‘मी तिचे निकाल बघतो. सगळ्यांचेच बघतो. ताई असती तर गेल्या महिन्यात पहिली आली असती.’

पहिल्या काही भेटी अशाच गेल्या. ते मला ताईबद्दल सांगत होते असं त्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात ते एका अशा मुलीबद्दल बोलत होते जी आता अठरा वर्षांची झाली आहे, जिने परवा एक शर्यत जिंकली, जी पुढच्या वर्षी परदेशी जाईल. तिचं सगळं त्यांना तोंडपाठ होतं. मी विचारलं, ‘ती लहान असताना पाण्याला घाबरायची का?’ तर ते थबकले. म्हणाले, ‘हिला विचारावं लागेल.’ म्हणजे पत्नीला.

एकदा त्यांनीच अलेक्झांडर डाले ओएनचा विषय काढला. मला हा पोहणारा माहीत नव्हता, मी नंतर वाचलं. नॉर्वेचा, १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचा. २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकमध्ये रौप्य, २०११ मध्ये शांघायला जागतिक अजिंक्यपद. ३० एप्रिल २०१२ रोजी अमेरिकेत फ्लॅगस्टाफच्या सराव शिबिरात तो कोसळला आणि गेला. वय २६. त्याच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत गंभीर आजार होता हे शवविच्छेदनात कळलं.

‘लंडन ऑलिंपिक तीन महिन्यांवर होतं,’ वडील म्हणाले. ‘सुवर्णपदक त्याचंच होतं.’

‘असेलही. आणि शांघायचं?’

‘ते तर मिळालंच होतं.’

‘मग मला शांघायचं सांगा ना.’

ते सांगू लागले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज बदलला. त्या शर्यतीच्या तीनच दिवस आधी नॉर्वेत दहशतवादी हल्ला झाला होता, ७७ माणसं मेली होती. हा पठ्ठ्या पाण्यात उतरला, ५८.७१ सेकंदांत जिंकला आणि आपल्या कॅपवरच्या झेंड्याकडे बोट दाखवत राहिला. पुढल्या वर्षी लंडनला ती शर्यत दक्षिण आफ्रिकेच्या कॅमेरॉन व्हॅन डर बर्गने ५८.४६ सेकंदांत, विश्वविक्रम करून जिंकली, आणि त्यानेही आपल्या या गेलेल्या मित्राची आठवण काढली. वडिलांना आकडा न् आकडा ठाऊक होता.

‘एप्रिलमध्ये जे झालं,’ मी विचारलं, ‘त्यामुळे आदल्या जुलैतले ते ५८.७१ सेकंद कमी खरे झाले का?’

त्यांना प्रश्न आवडला नाही. ‘पण राहिलं ते राहिलंच ना?’

‘राहिलंच. ते राहिलं नाही असं सांगायला मी बसलेली नाही.’

हे मी मुद्दाम लिहितेय, कारण समुपदेशक म्हणजे गोड बोलून दुःख पुसणारी बाई असा एक समज आहे. माझा कल पहिल्यापासून दुसरीकडे आहे. असं मूल जातं तेव्हा घरातून दोन गोष्टी जातात. एक म्हणजे जगलेलं माणूस. दुसरी म्हणजे त्या माणसाभोवती आपण उभं केलेलं पुढचं आयुष्य. दोन्ही नुकसानं खरी आहेत. अडचण अशी की दुसऱ्याचा आवाज फार मोठा असतो. तो सगळं घर व्यापतो, आणि मग पहिल्यासाठी रडायलाच कुणाला जागा उरत नाही. म्हणून दोघांसाठी वेगवेगळं रडावं, असं मी म्हणते. ऐकायला कोरडं वाटतं, पण त्याचा उपयोग होताना मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे.

आई आल्या तेव्हा त्यांचा प्रश्न वेगळाच होता. धाकटा तेरा वर्षांचा, तोही पोहणारा. त्या सकाळपासून त्याला टँकवर पाठवलं नव्हतं. ‘त्याला पाण्यात सोडायचं का, मॅडम? सगळे म्हणतात भीती काढून टाका. तुम्ही भीती घालवा माझी.’

‘तुमची ही भीती मी घालवणार नाही,’ मी म्हणाले. ‘आधी तिघंही हृदयरोगतज्ज्ञांकडे जा.’

इथे थोडं थांबून सांगते, कारण हे अनेक घरांना कुणी सांगतच नाही. तरुण खेळाडू अचानक गेला आणि हृदयाची रचना निरोगी दिसली, तर दोष हृदयाच्या विद्युत यंत्रणेत असू शकतो. लाँग क्यूटी सिंड्रोम हा त्यातला एक. त्याच्या एका प्रकारात जोराचा व्यायाम, आणि त्यातही पोहणं, हृदयाची लय बिघडायला निमित्त ठरतं, हे तज्ज्ञांना चांगलं ठाऊक आहे. असे दोष बहुधा आनुवंशिक असतात. आईवडिलांपैकी एकात तो असेल तर प्रत्येक मुलात येण्याची शक्यता साधारण निम्मी. म्हणून आईवडील आणि भावंडं यांची तपासणी व्हायलाच हवी. ईसीजी, व्यायाम करतानाचा ईसीजी, डॉक्टरांना वाटलं तर जनुकीय तपासणी. एक ईसीजी नॉर्मल आला म्हणून विषय संपत नाही, तो कधी संपला हे डॉक्टरांनी सांगायचं. आणि काही सापडलंच, तर त्यावर उपचार आहेत. धावताना किंवा पोहताना शुद्ध हरपणं, नात्यात कुणी तरुणपणी कारण न कळता गेलेलं असणं, चांगलं पोहता येत असूनही बुडालेलं असणं, या गोष्टी ‘अशक्तपणा’ किंवा ‘नशीब’ म्हणून सोडून द्यायच्या नसतात.

प्रत्येक भीती मनाचा खेळ नसते. काही भीतींमध्ये माहिती असते, आणि ती माहिती आधी तपासून घ्यावी लागते. ती तपासल्यावर जी भीती उरते तिच्याशी मग माझं काम सुरू होतं.

या तिघांच्या तपासण्या झाल्या. काही सापडलं नाही. डॉक्टरांनी धाकट्याला पोहायची परवानगी दिली आणि ठरावीक काळाने दाखवायला सांगितलं. आईंनी धीर करून त्याची बॅग भरली. तर तो म्हणाला, मला नाही जायचं.

तो माझ्याकडे एकटा आला तेव्हा बराच वेळ खुर्चीच्या हातावरचं रेक्झिन नखाने उचकत बसला होता. तेरा वर्षांच्या मुलाला ‘तुला कसं वाटतं’ असं विचारू नये, उत्तर ‘ठीक’ असं येतं. मी विचारलं, ‘टँकवर गेलास तर पहिल्यांदा काय होईल?’

‘बाबा टायमिंग लावतील.’

‘मग?’

‘मग वहीत लिहितील. त्यांनी माझं पान केलंय.’

‘तुझं पान?’

‘वर नाव माझं आहे. खाली ताईची टार्गेटं आहेत. बटरफ्लायची.’

‘तू बटरफ्लाय पोहतोस?’

‘नाही.’

भावंडांचं हे दुखणं मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता मी ते शोधतेच. गेलेल्या मुलाचं अर्धं विणलेलं स्वेटर उरलेल्या मुलाच्या अंगात चढवलं जातं, आणि त्याच्या मापाचं ते नाही हे म्हणायची त्याची हिंमत होत नाही. कारण आईबाबा आधीच मोडलेले आहेत. तो गप्प राहतो, आणि घराला वाटतं की मुलगा समजूतदार आहे. दुःखाच्या घरातल्या समजूतदार मुलांकडे जरा नीट बघत जा.

मग मी चौघांनी बसायचं ठरवलं. ते तिघं आणि मी. तयारी काही नव्हती. मी एकच सांगितलं, ‘ताईची अशी एक गोष्ट सांगा जी स्टॉपवॉचने मोजता येत नाही.’

वडील म्हणाले, ‘शिस्त.’ आणि पुढे काही बोलले नाहीत.

आई म्हणाल्या, ‘ओल्या केसांनी झोपायची. हजारदा ओरडले असेन. उशीला कायम क्लोरीनचा वास.’

धाकटा माझ्याकडे बघत म्हणाला, ‘ताईला बटरफ्लाय आवडायचं नाही.’

‘काहीही बोलू नकोस,’ वडील म्हणाले. रागावून नाही, पण दार लावल्यासारखं. मुलगा मिटला. मी वडिलांना हाताने थांबवलं आणि त्याला म्हटलं, ‘सांग.’

‘म्हणजे यायचं तिला. मस्त यायचं. पण आवडायचं बॅकस्ट्रोक. ती म्हणायची बटरफ्लायमध्ये नुसती खालची काळी रेघ दिसते. बॅकस्ट्रोकला निदान वर बघता येतं.’ मग त्याला बोलायचं सुचत गेलं. ‘सराव संपला ना, की सगळे कपडे बदलायला जायचे. तेव्हा आम्ही दोघंच पहिल्या लेनमध्ये बॅकस्ट्रोक करायचो. सर म्हणायचे, दहा मिनिटं फक्त. ती मला झेंडे मोजायला शिकवायची.’

माझ्यासारख्यांसाठी सांगते. बॅकस्ट्रोक पोहणाऱ्याला भिंत दिसत नाही, म्हणून भिंतीच्या पाच मीटर आधी पाण्यावर झेंड्यांची दोरी लावलेली असते. झेंडे डोक्यावरून गेले की आपले हात मोजायचे आणि ठरलेल्या हाताला वळायचं किंवा भिंत धरायची.

‘ती मुद्दाम मला एक हात जास्त सांगायची,’ मुलगा म्हणाला. ‘मग माझं डोकं भिंतीवर आपटायचं. आणि ती इतकी हसायची की तिच्याच नाकात पाणी जायचं.’

आई हसल्या. खळखळून हसल्या. आणि हसताना आपण हसतोय हे लक्षात येऊन त्यांनी तोंडावर हात घेतला, तरी हसू थांबेना.

वडील मात्र हसले नाहीत. ‘हे कधी?’ त्यांनी विचारलं.

‘रोज. शेवटचं वर्षभर. तुम्ही गाडीत थांबायचात ना, तेव्हा.’

त्यांनी वही उघडली. या वेळी शेवटून नाही, मधून. मला कधीच न दाखवलेली पानं. शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवून ते खाली खाली जाऊ लागले, आणि मी शेजारून वाचलं. ‘बाहेर यायला १२ मि. उशीर. थकवा?’ पुढच्या पानावर, ‘पुन्हा उशीर. थकवा?’ महिन्यामागून महिने, त्याच सुबक अक्षरात, तोच एक शब्द आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह.

‘मी लिहून ठेवत होतो,’ ते म्हणाले. त्यांचा आवाज मला अनोळखी होता. ‘दिसत होतं मला. लिहीत होतो थकवा, थकवा, आणि डॉक्टरांकडे नेलं नाही. वर्षभर नेलं नाही.’

आम्ही तिघंही गप्प. मुलगा मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, ‘बाबा, ती दमली नव्हती. खेळत होती.’

त्यानंतर किती वेळ गेला ते मी सांगू शकणार नाही. मी एक शब्द बोलले नाही, आणि माझ्या कामात मला कशाचा अभिमान असेल तर तो अशा वेळी गप्प बसता येण्याचा आहे. समोरचा मोकळा होऊ लागला की आपला हात पुढे करायचा मोह होतो, एखादं छान वाक्य जिभेवर येतं. ते गिळायला फार वर्षं लागतात. वडील रडत होते. मुलगा उठून त्यांच्या खुर्चीशी गेला, आणि काय करायचं न कळून त्याने ती वही मिटून स्वतःच्या मांडीवर घेतली.

त्यांचं भविष्यात राहणं कुठून येत होतं ते मला त्या दिवशी दिसलं. मला महत्त्वाकांक्षी बाप समोर दिसत होता, आणि तो होताच. पण पेन्सिलीच्या त्या पानांवर ते राहायला गेले होते याचं खरं कारण आधीची शाईची पानं होती. तिथे परत जायचं तर त्या शेऱ्यांपाशी जावं लागलं असतं. ज्या बापाला वाटतं की मुलीच्या १७ वर्षांत आपल्याविरुद्धचा पुरावा ठेवलेला आहे, तो त्या वर्षांमध्ये पाऊल कसं टाकेल? तो पुढेच पळणार. ‘सगळं राहून गेलं’ या वाक्यामागे मला तेव्हापासून नेहमी एक प्रश्न ऐकू येतो, की जे झालं त्याकडे बघायला हा माणूस का घाबरतोय? दर वेळी अपराधीपणच सापडतं असं नाही. कधी शेवटचं भांडण असतं, कधी दुर्लक्षाची खंत असते, कधी नुसतं एवढंच असतं की जगलेलं मूल आठवलं तर ते गेलं हे पटेल. पण शोधलं की काहीतरी हाती लागतं.

मी वडिलांना पुढच्या भेटीत एक गोष्ट स्पष्ट सांगितली. ती खेळत होती हे खरं असलं तरी त्याचा अर्थ आजार नव्हता असा होत नाही. आणि ती खरोखर दमलेली असती, तरी पहाटे उठून पोहणारं कुठलं मूल दमत नाही? हृदयरोगतज्ज्ञांनी त्यांना हेच सांगितलं होतं की असे दोष कधीकधी आधी काहीही खूण देत नाहीत, पहिली खूण हीच शेवटची ठरते. ते त्यांनी तेव्हा ऐकलं होतं, पण त्यांच्यात ते उतरलं मुलाच्या त्या वाक्यानंतर. माहिती आधी देऊन ठेवावी, ती आपली वेळ आली की कामाला येते.

मग पेन्सिलीच्या पानांचीही पाळी आली. ती फाडा असं मी सांगितलं नाही, कुणालाच सांगत नाही. त्यांनी ती पानं मला वाचून दाखवली, एकेक टार्गेट, एकेक स्पर्धा, आणि प्रत्येकापुढे ‘हे झालं नाही’ असं म्हणून ते थांबले. अख्खी भेट त्यातच गेली. जे कधी घडलंच नाही त्याला निरोप द्यायची आपल्याकडे काही रीत नाही, म्हणून ते माणसाला सोडत नाही. ती रीत आपणच करावी लागते. लिहून काढा, मोठ्याने वाचा, ऐकायला एक माणूस समोर असू द्या.

पुष्कळ लोक मला विचारतात, ‘आम्ही आता कुठल्या पायरीवर आहोत?’ नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार या पाच पायऱ्या आता सगळ्यांना पाठ आहेत. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे उरलेल्यांसाठी ते वेळापत्रक नव्हतंच. तेव्हा तुमचा राग आधी आला नाही किंवा तिसऱ्या वर्षी परत आला, तर तुम्ही नापास झालेले नाही.

खेळाडूच्या घराला जन्मदिवस आणि स्मृतिदिन यांच्याइतकेच स्पर्धेचे दिवस जड जातात, हे नातेवाइकांच्या लक्षात येत नाही. निवड यादी लागते तो दिवस, तिच्या बरोबरीच्या मुलींच्या फायनलचा दिवस. वडिलांनी विचारलं, ‘निकाल बघणं सोडू का?’ मी म्हटलं, बघा, पण एकटे बसून बघू नका, आणि मनातल्या मनात ताईचं टायमिंग त्या यादीत घुसडू नका. त्या मुलींनाही त्यांची पदकं पूर्ण मिळू द्या. पहिल्या वेळी त्यांना ते जमलं नाही. नंतर त्यांनी त्या पावणेदोन सेकंदांवाल्या मुलीला अभिनंदनाचा निरोप पाठवला. तिचं उत्तर लांबलचक आलं आणि त्यात ताईच्या अशा चार गोष्टी होत्या ज्या घरात कुणालाच माहीत नव्हत्या. त्यातली एक मला सांगितली नाही त्यांनी. फक्त म्हणाले, ‘वात्रट होती.’

ही गोष्ट सर, मैत्रिणी, सोबत पोहणारे यांनी ऐकावी असं मला फार वाटतं. पोहणाऱ्या मुलाचं निम्मं आयुष्य घराच्या नजरेआड, पहाटेच्या पाण्यात जातं आणि आईबाप बाहेर गाडीत थांबलेले असतात. तुमच्याकडे जे आहे ते त्यांच्याकडे नाही. भेटायला जाल तेव्हा ‘कुठल्या कुठे गेली असती’ म्हणू नका. तुम्ही पाहिलेलं सांगा. चेष्टेचं असेल, शिव्या खाल्ल्याचं असेल, दांडी मारल्याचं असेल, तरी सांगा. शोकाच्या घरात असं बोलू नये हा आपला समज आहे. मला उलट अनुभव आहे.

तिच्या नावाने काहीतरी करायचं, हा विषयही निघतोच. चषक ठेवायचा, स्पर्धा भरवायची. करा, पण घाई नको, आणि जमलं तर कारणाच्या जवळ जाणारं करा. अमेरिकेचा पोहणारा फ्रॅन क्रिपन २०१० मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या फुजैराच्या गरम समुद्रात १० किलोमीटरच्या शर्यतीत गेला, आणि तो परत आलेला नाही हे लक्षात यायलाही वेळ लागला. त्यानंतर खुल्या पाण्यातल्या शर्यतींसाठी पाण्याच्या तापमानाची ३१ अंशांची कमाल मर्यादा आली. तुमच्या टँकवर एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देऊन लय परत आणणारं यंत्र आहे का? असलं तर ते कपाटात कुलूपबंद आहे का? छातीवर दाब देता येणारी किती माणसं तिथे रोज हजर असतात? हृदय थांबल्यावर काहीच मदत मिळाली नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. या कुटुंबाने प्रशिक्षणाचा वर्ग भरवला. सरांनी तिथे सगळ्यांत आधी नाव दिलं. त्या सकाळी सगळं बरोबर करूनही तो माणूस तेव्हापासून नीट झोपलेला नव्हता, हेही आम्हाला त्या निमित्ताने कळलं. पुढे तोही आला माझ्याकडे, ती वेगळी गोष्ट.

वर्ष उलटूनही जेवण, झोप, काम यांची घडी अजिबात बसत नसेल, किंवा तिच्याकडेच जावं असं मनात येत असेल, तर मात्र वाट पाहू नका. समुपदेशक आणि गरज असेल तर मानसोपचारतज्ज्ञ, दोन्हींची मदत घ्या, आणि जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार असेल तर त्याच दिवशी.

धाकटा आता आठवड्यातून दोनदा पोहतो. स्पर्धेत उतरायचं की नाही हे त्याने ठरवलेलं नाही आणि ठरवायची घाई कुणी करत नाही. त्याच्या नावाचं पान वडिलांनी त्याच्याच हातात दिलं, त्याचं त्याने काय केलं ते मी विचारलं नाही. वडिलांना स्टॉपवॉचशिवाय टँकवर बसणं अजून अवघड जातं. ‘कधीतरी एखादं टायमिंग लावायला हरकत नाही ना?’ त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, त्याला विचारा. त्याने अट घातली की फक्त बॅकस्ट्रोकचं लावायचं आणि लिहायचं नाही.

आईंचा एक प्रश्न मात्र बरेच दिवस सुटत नव्हता, आणि तो इतक्या आया विचारतात की तो इथे लिहायलाच हवा. नवीन ओळख झाली की बायका विचारतात, तुम्हाला मुलं किती? एक सांगितलं तर ताईला पुसल्यासारखं होतं. दोन सांगितलं तर पुढचा प्रश्न येतो, मोठी काय करते? मी सांगितलं, दोनच सांगा. पुढे किती बोलायचं ते समोरचं माणूस आणि आपला तो दिवस बघून ठरवा, उत्तर द्यायलाच हवं असं नाही. त्या आता म्हणतात, ‘मोठी पोहायची. सतराव्या वर्षी गेली.’ समोरची बाई गडबडते, माफी मागू लागते. आधी आई तिलाच सावरत बसायच्या. आता बसत नाहीत. तिने विचारलं, तर झेंड्यांची गोष्ट सांगतात.